ब्राउझरमधली अक्षरं वाचता येतील एवढी मोठी कशी करायची?

चौदा पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक बारीक ठिपका) आकारात इंग्रजी मजकूर बरा वाचता येतो, त्याच आकारातला मराठी मजकूर मात्र डोळे बारीक करून वाचावा लागतो. यात लिपीचा वाटा मोठा आहे. देवनागरी अक्षर तीन मजली असतं. मधे मूळ अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय. हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं म्हणजे मधलं अक्षर आक्रसणारच. मग ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसतात, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘१’ आणि ‘९’ची गल्लत होते आणि ‘राष्ट्र’मधल्या ‘ष्ट्र’चा नुसता काळा ठिपका उरतो.

अक्षरं मोठी करणं अवघड नाही. गोंधळ होतो तो आकार चार वेगवेगळ्या ठिकाणी बदलता येतो म्हणून. एक, संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये. दोन, ब्राउझरच्या झूममध्ये. तीन, ब्राउझरच्या फाँट सेटिंगमध्ये. चार, खुद्द साइटवर दिलेल्या ‘अ+’सारख्या बटणांमध्ये. बहुतेक जण यातल्या दोन-तीन ठिकाणी एकदम हात घालतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही. खालच्या पायऱ्या त्यांच्या आकड्यांच्या क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर थांबून पान वाचून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतच काम झालं, तर पुढचं सगळं सोडून दिलंत तरी चालेल.

आधी हे हाताशी घ्या

- रोज वापरता तो चष्मा. चष्म्याशिवाय आकार ठरवू नका.
- चाचणीसाठी तीन पानं: एक मराठी बातमीचं, एक तुम्हाला नेहमी लागणारं बँकेचं किंवा सरकारी कामाचं, आणि एक ज्यात मोठा तक्ता आहे असं.
- कागद आणि पेन. बदलण्यापूर्वी तिथे कोणता आकडा होता तो लिहून ठेवा.
- चाचणीचे शब्द: मेघ, मध, भामा, षट्कोन, पट, राष्ट्र, रुपया, रूप, १९१९. स्वतःला मेल करून तो ब्राउझरमध्ये उघडला की झालं. ‘रुपया’मधला पहिला उकार आणि ‘रूप’मधला दुसरा न अडखळता वेगळा दिसला, की तो आकार तुमचा.

१. स्क्रीनचं अंतर आणि चष्मा

हात सरळ लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर स्क्रीन असावी. लॅपटॉपवर माणूस नकळत पुढे झुकतो, म्हणून खुर्चीला पाठ टेकवून मगच आकार तपासा. झुकून ठरवलेला आकार अर्ध्या तासात छोटा वाटायला लागतो.

दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर जवळचं वाचायची काच खाली असते. स्क्रीन उंच ठेवली की हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. अशा वेळी अक्षरं कितीही वाढवली तरी त्रास संपत नाही. स्क्रीन खाली घ्या आणि थोडी मागे कलती ठेवा.

२. कंट्रोल आणि प्लस: पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय

विंडोज किंवा लिनक्स असलेल्या संगणकावर कंट्रोल दाबून धरा आणि प्लसचं बटण दाबा. प्रत्येक दाबाला पान एक पायरी मोठं होतं. कंट्रोल आणि मायनसने लहान होतं, कंट्रोल आणि शून्याने मूळ आकारावर येतं. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. क्रोम, एज, फायरफॉक्स, तिन्हींत हेच. सफारीतही हेच.

प्लसचं चिन्ह बरोबरच्या चिन्हावर असतं, पण त्यासाठी शिफ्ट दाबायची गरज नाही. कंट्रोल आणि बरोबरचं बटण पुरतं. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचं शून्य चालत नसेल, तर नमलॉक बंद असेल. ते सुरू करा किंवा वरच्या रांगेतलं शून्य दाबा.

पायऱ्या प्रत्येक ब्राउझरच्या वेगळ्या आहेत. क्रोम आणि एज १०० वरून ११०, १२५, १५०, १७५, २०० टक्के असे चढतात. फायरफॉक्स ११०, १२०, १३३, १५०, १७०, २०० असा जातो. वरची मर्यादा तिन्हींत ५०० टक्के. मराठी मजकुरासाठी १२५ पासून सुरुवात करा. चाळिशी लागलेल्या बहुतेकांचं समाधान १२५ ते १५० मध्ये होतं.

हा झूम साइटनिहाय लक्षात राहतो. एका वर्तमानपत्राच्या साइटवर १५० केलंत, की त्या साइटची सगळी पानं पुढच्या वेळीही १५० लाच उघडतील. दुसरी साइट १०० लाच राहील. ‘काल मोठं केलं होतं, आज परत लहान झालं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वेगळी साइट असते, किंवा खासगी विंडो. क्रोमच्या इन्कॉग्निटो विंडोत केलेला झूम ती बंद केली की विसरला जातो.

सध्या झूम किती आहे हे कुठे दिसतं? क्रोममध्ये झूम बदललेला असेल तर अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला भिंगाचं चिन्ह येतं. फायरफॉक्समध्ये तिथेच टक्केवारीचा आकडा दिसतो. फायरफॉक्सच्या त्या आकड्यावर क्लिक केलंत की पान मूळ आकारावर येतं.

इथे चार गोष्टी हमखास अडवतात.

*माउसचं चाक.* कंट्रोल दाबलेलं असताना चाक फिरलं की झूम बदलतो. कॉपी-पेस्ट करताना बोट कंट्रोलवरच राहतं, चाक फिरतं आणि पान अचानक ३३ टक्क्यांवर जातं. घाबरू नका, कंट्रोल आणि शून्य.

*विंडोजचं बटण.* कंट्रोलऐवजी चुकून विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि प्लस दाबलं गेलं, तर विंडोजचं भिंग सुरू होतं. सगळी स्क्रीन मोठी होते आणि माउस नेईल तिकडे सरकत राहते. संगणक बिघडला असं वाटून लोक तो बंद करतात. विंडोजचं बटण आणि एस्केप एकत्र दाबलं की भिंग बंद होतं.

*टचपॅडवर दोन बोटं फाकवणं.* हा झूम वेगळा. यात पानाची मांडणी बदलत नाही, तुम्ही फक्त त्याच्या एका तुकड्याजवळ जाता. ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवी सरकवासरकव करावी लागते. नकाशा किंवा फोटो बघायला हे ठीक, वाचायला निरुपयोगी.

*मेनू गायब होणं.* १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर १५० टक्के झूम केला, की पानाच्या दृष्टीने रुंदी उरते सुमारे ९११ पिक्सेल. साइटला वाटतं की तुम्ही टॅबलेटवर आहात. मग वरची सगळी बटणं तीन आडव्या रेघांच्या चिन्हात जाऊन बसतात आणि बाजूचा रकाना खाली उतरतो. काही हरवलेलं नसतं. त्या तीन रेघांवर क्लिक करा. खरं तर ही मांडणी वाचायला बरी असते, कारण मजकुराला अख्खी रुंदी मिळते.

३. सगळ्या साइटसाठी एकच झूम

दहा साइटवर दहा वेळा प्लस दाबण्यापेक्षा ब्राउझरलाच सांगून टाका.

सेटिंग्जची पानं दर काही महिन्यांनी इकडची तिकडे होतात. म्हणून एक सवय लावून घ्या: सेटिंग्ज उघडलं, की शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘झूम’ किंवा ‘फाँट’ टाइप करायचं. ब्राउझर मराठीत वापरत असाल तर मराठीत. मेनूची नावं पाठ करण्यापेक्षा हे सोपं.

क्रोम: वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, अपिअरन्स, पेज झूम. १२५ निवडा. एजमध्येही झूम अपिअरन्सच्याच विभागात सापडतो.

फायरफॉक्स: तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल. खाली गेल्यावर झूमच्या भागात डिफॉल्ट झूम आहे.

मॅकवरची सफारी: सेटिंग्ज, वेबसाइट्स, डावीकडच्या यादीतून पेज झूम. तळाशी ‘इतर साइटना भेट देताना’ अशा अर्थाची ओळ आहे, तिथे आकडा बदला. वरची यादी फक्त आता उघड्या असलेल्या आणि पूर्वी बदललेल्या साइटची असते. तिच्यात बदल करून सगळीकडे परिणाम होत नाही.

हे झाल्यावर कंट्रोल आणि शून्याचा अर्थ बदलतो. आता ते १०० वर न येता तुम्ही ठरवलेल्या १२५ वर येईल. आणि ज्या साइटवर तुम्ही पूर्वी हाताने झूम बदलला होता, त्या आपला जुना आकडा धरून बसतील. क्रोममध्ये अशा साइटची यादी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, आणि तिथे अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्जमध्ये झूम लेव्हल्स या नावाखाली आहे. ती साफ करा.

४. फाँटचा आकार आणि किमान आकार

झूमने चित्रं, रिकाम्या जागा, बटणं सगळंच मोठं होतं. फक्त अक्षरं वाढवायची असतील तर ही पायरी.

क्रोममध्ये अपिअरन्सच्याच विभागात फाँट साइज आहे. मिडियम म्हणजे १६ पिक्सेल, लार्ज म्हणजे २०, व्हेरी लार्ज म्हणजे २४. लार्ज करून बघा. काही साइटवर अक्षरं लगेच वाढतील, काहींवर ढिम्म काही होणार नाही. दोष तुमचा नाही. ब्राउझरच्या मूळ आकाराच्या पटीत अक्षरं ठेवा असं ज्या साइटने लिहिलंय, ती तुमचं ऐकते. ‘१३ पिक्सेल म्हणजे १३ पिक्सेल’ असं जिने ठोकून लिहिलंय, ती ऐकत नाही. झूम मात्र दोघींनाही मानावा लागतो, म्हणून झूमची पायरी आधी आणि ही नंतर.

हटवादी साइटसाठी दुसरी युक्ती आहे: किमान आकार. क्रोममध्ये कस्टमाइझ फाँट्स उघडा, तिथे मिनिमम फाँट साइजची सरकपट्टी आहे. तिथे १४ ठेवलंत तर साइटने ११ मागितलं तरी १४ मिळेल. तारखा, फोटोखालच्या ओळी, फॉर्ममधल्या बारीक सूचना, अटी-शर्ती यांना याचा खरा फायदा. मथळे आधीच मोठे असल्यामुळे तसेच राहतात.

हाव करू नका. किमान आकार १८-२० वर नेला, की फॉर्मची लेबलं एकमेकांवर चढतात आणि बटणावरचे शब्द कापले जातात. क्रोममध्ये १२ ते १४ बास. मॅकवरच्या सफारीत हीच सोय सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आहे. ‘याहून लहान अक्षरं कधीही वापरू नका’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण करा आणि आकडा निवडा.

५. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी वेगळा आकार

मराठीत भरपूर वाचणाऱ्याने निदान याच सोयीसाठी फायरफॉक्स ठेवावा. लिपीनिहाय वेगळा फाँट आणि वेगळा किमान आकार ठरवायची सोय त्यात पहिल्यापासून हाताशी आहे, पण बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

सेटिंग्ज, जनरल, फाँट्सचा भाग, आणि तिथलं अ‍ॅडव्हान्स्ड बटण. उघडलेल्या खिडकीत सगळ्यात वर ‘फाँट्स फॉर’ लिहिलेलं असतं आणि पुढे लिपींची यादी. ती खाली सरकवून देवनागरी निवडा. मग:

अ) प्रपोर्शनल पुढच्या यादीत सॅन्स सेरिफ निवडा. बारीक आकारात एकसारख्या जाडीच्या रेषा बऱ्या दिसतात.

आ) सॅन्स सेरिफपुढे फाँट निवडा. विंडोजवर निर्मला यूआय विंडोज ८ पासून असतो आणि मंगल या जुन्या फाँटपेक्षा तो स्क्रीनवर स्वच्छ दिसतो. मॅकवर कोहिनूर देवनागरी. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट मिळतात. संगणकावर बसवले की याच यादीत दिसू लागतात.

इ) साइझ १८ किंवा २० करा.

ई) मिनिमम फाँट साइज १६ करा. क्रोममध्ये १४ वर थांबा म्हटलं होतं ते सगळ्या लिपींना एकत्र लागू होतं म्हणून. इथे फक्त देवनागरी वाढते, त्यामुळे थोडी मोकळीक घेता येते.

आता यातला खाचखळगा. अमुक मजकूर देवनागरीच्या खात्यात धरायचा की नाही, हे फायरफॉक्स बघतो ते साइटने पानाची भाषा काय नोंदवली आहे त्यावरून. मराठीच्या कितीतरी साइट आपल्या पानाची भाषा ‘इंग्रजी’ अशीच सोडून देतात, कारण बनवणाऱ्याने तयार साचा उचललेला असतो. अशा पानावर अक्षरं मराठी दिसत असली तरी लॅटिनचा, म्हणजे इंग्रजीच्या लिपीचा, किमान आकार लागू होतो. म्हणून यादीतून लॅटिन निवडून तिथेही किमान १३ किंवा १४ ठेवा. मग शेवटी ओके दाबा. ओके न दाबता खिडकी बंद केलीत तर सगळी मेहनत फुकट.

त्याच खिडकीत खाली एक खूण असते: पानांना त्यांचे स्वतःचे फाँट वापरू द्या, या अर्थाची. ती काढली तर सगळीकडे तुम्ही निवडलेलाच फाँट दिसतो. किडमिड्या सजावटी फाँटचा ज्यांना राग येतो त्यांना हे फार आवडतं. पण काही साइट बाण, भिंग, घर अशी चिन्हंसुद्धा फाँटमधून आणतात. त्या जागी रिकामे चौकोन दिसू लागतील. चौकोन आले तर खूण परत लावा.

फायरफॉक्समध्ये ‘झूम टेक्स्ट ओन्ली’ अशीही एक खूण आहे, झूमच्याच भागात. ती लावल्यावर कंट्रोल आणि प्लसने चित्रं तशीच राहून फक्त अक्षरं वाढतात. चित्रांनी भरलेल्या पानांना चांगली. तक्ते आणि फॉर्म असलेल्या पानांवर मजकूर चौकटीबाहेर सांडतो. नेहमीसाठी लावून ठेवण्याची शिफारस मी करणार नाही.

६. अख्खी स्क्रीनच बारीक दिसत असेल तर

ब्राउझरसोबत फाइलींची नावं, घड्याळ, मेनू असं सगळंच बारीक दिसत असेल, तर ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे स्केल. १०० असेल तर १२५ करा. याचा परिणाम ब्राउझरमधल्या पानांवरही होतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात टेक्स्ट साइज नावाची वेगळी पट्टी आहे, १०० ते २२५ टक्क्यांची. ती मुख्यतः विंडोजच्या स्वतःच्या मजकुरासाठी आहे; वेब पानांसाठी तिच्यावर विसंबू नका.

रिझोल्यूशन कमी करू नका. पूर्वीच्या जाड काचेच्या मॉनिटरवर ही युक्ती चालायची. आजच्या सपाट स्क्रीनला ठरावीक ठिपके असतात. त्याहून कमी रिझोल्यूशन दिलं की अक्षरं मोठी होतात पण धुरकट होतात, आणि शिरोरेषेसारखी आडवी बारीक रेघ सगळ्यात आधी पसरते. आधीच कुणी कमी करून ठेवलं असेल, तर रेकमेंडेड लिहिलेल्या आकड्यावर परत न्या आणि स्केल वाढवा.

हे आकडे बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतात. विंडोजचं स्केल १२५ आणि ब्राउझरचा झूम १५० म्हणजे एकूण १८७.५ टक्के. १३६६ च्या लॅपटॉपवर पानाला उरते सुमारे ७२९ पिक्सेल रुंदी. म्हणून स्केल वाढवलंत तर ब्राउझरचा झूम आधी १०० वर आणा आणि गरज पडली तरच पुन्हा चढवा.

७. मोबाइलवर

काही करण्याआधी एक गोष्ट तपासा. क्रोममध्ये तीन ठिपके दाबल्यावर येणाऱ्या यादीत ‘डेस्कटॉप साइट’वर खूण आहे का? असेल तर काढा. कुठल्यातरी फॉर्मसाठी कुणीतरी ती लावून दिलेली असते आणि मग सगळी पानं मुंगीच्या अक्षरांत दिसतात. फोनवरच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

अँड्रॉइड: आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग फाँट साइज. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, शोधाच्या चौकटीत ‘फाँट’ टाका. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ पासून हा आकार २०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, आणि आधीच मोठ्या असलेल्या मथळ्यांना तो तितका फुगवत नाही. एवढं करून पान बघा. कमी वाटलं तर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी. नव्या क्रोममध्ये तिथे डिफॉल्ट झूमची पट्टी आहे, जुन्यात टेक्स्ट स्केलिंगची.

त्याच पानावर ‘फोर्स एनेबल झूम’ आहे, त्यावर खूण करा. काही साइट दोन बोटांनी मोठं करायला बंदी घालतात. ही खूण ती बंदी मोडते. आयफोनवर ही खूण शोधू नका. तिथली सफारी २०१६ च्या आयओएस १० पासून अशी बंदी जुमानतच नाही.

आयफोन: सफारीत अ‍ॅड्रेस बारमधल्या पानाच्या चिन्हावर टिचकी मारली की लहान-मोठं करायची सोय मिळते. जुन्या आवृत्त्यांत ते चिन्ह इंग्रजी दोन अक्षरांचं, एक मोठं आणि एक छोटं असं आहे. तिथला बदल त्या साइटपुरताच. सगळ्यांसाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारी उघडा आणि पेज झूम बदला. आयओएस १८ पासून सफारी ‘अ‍ॅप्स’च्या आत गेलं आहे.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी. तिथलं ऑटोमॅटिक फाँट सायझिंग सुरू असेपर्यंत पट्टी हलत नाही. आधी ते बंद करा.

एवढं करूनही एखादी बातमी बारीकच उघडते? ती कुठून उघडली ते बघा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक त्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तुमच्या क्रोमच्या सेटिंगचा तिथे काही संबंध नसतो. वरच्या ठिपक्यांमधून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा.

८. लांबलचक लेखांसाठी वाचनाचा मोड

जाहिराती आणि बाजूचे रकाने काढून नुसता मजकूर दाखवणारी ही सोय आहे. विंडोजवर एजमध्ये आणि फायरफॉक्समध्ये एफ ९ दाबा; क्रोममध्ये तीन ठिपके, मोअर टूल्स, रीडिंग मोड. अक्षरांच्या आकारासोबत दोन ओळींमधलं अंतरही इथे वाढवता येतं, आणि देवनागरीला आकारापेक्षा अंतराचाच जास्त उपयोग होतो. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकत नाहीत. मुखपृष्ठावर, फॉर्मवर किंवा तक्त्यावर हा मोड चालत नाही किंवा अर्धवट चालतो.

९. जिथे हे सगळं चालत नाही

पीडीएफ. शासन निर्णय, प्रवेशपत्र, वीजबिल, डिजिटल सातबारा हे बहुधा पीडीएफ असतं. त्याला फाँट साइज किंवा किमान आकार लागू होत नाही. पीडीएफच्या वरच्या पट्टीतले प्लस-मायनस वापरा, किंवा पानाची रुंदी स्क्रीनला जुळवणारं बटण. स्कॅन केलेलं असेल तर मोठं केल्यावर अक्षर फाटतं, त्याला इलाज नाही.

ई-पेपर. छापील पानाचं ते चित्र असतं. झूम करता येतो, अक्षरं वेगळी वाढवता येत नाहीत. तीच बातमी वर्तमानपत्राच्या नेहमीच्या साइटवर शोधणं जास्त सोपं.

नकाशे आणि ऑनलाइन दस्तऐवज. गूगल मॅप्सवर कंट्रोल आणि चाक फिरवलं तर नकाशा मोठा होतो, त्यावरची अक्षरं नाही. गूगल डॉक्सला स्वतःचा वेगळा झूम आहे, वरच्या पट्टीत १०० टक्के लिहिलेला. दस्तऐवज तिथून मोठा करा, मेनू मोठे हवे असतील तर ब्राउझरच्या झूमने.

सरकारी साइटवरचे ‘अ-’, ‘अ’, ‘अ+’. कोपऱ्यातली ही बटणं फक्त त्या साइटपुरती असतात आणि बऱ्याचदा मधला मजकूर तेवढा वाढवून मेनू, तक्ते तसेच ठेवतात. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवल्यावरही पान वापरता आलं पाहिजे असं कलम आहे, पण ते या बटणांनीच झालं पाहिजे असं नाही. ब्राउझरचा झूम जास्त भरवशाचा. दोन्ही एकदम वापरू नका. बटण मधल्या ‘अ’वर ठेवा.

पैशांचे व्यवहार. मोठ्या झूमवर ओटीपीची चौकट उघडली की ‘सबमिट’चं बटण कधीकधी स्क्रीनच्या खाली जातं आणि चौकट सरकतही नाही. वेळ संपत असतो. पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका. कंट्रोल आणि मायनस दोन-तीनदा दाबा, बटण वर येईल. व्यवहार झाल्यावर कंट्रोल आणि शून्य.

१०. दुसऱ्याच्या संगणकावर

आई-बाबांना किंवा आजोबांना लावून देताना आकार त्यांना ठरवू द्या. त्यांना चाचणीचे शब्द मोठ्याने वाचायला लावा. ‘दिसतंय दिसतंय’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. घरातली मोठी माणसं त्रास नको म्हणून तसं म्हणतात. ‘मेघ’ला ‘मेध’ वाचलं की एक पायरी वर चढा. तीनच गोष्टी लावा: सगळ्या साइटसाठी झूम, किमान आकार १४, आणि अँड्रॉइड फोनवर फोर्स एनेबल झूम. मग कीबोर्डजवळ चिठ्ठी चिकटवा: मोठं करायला कंट्रोल आणि प्लस, बिघडलं तर कंट्रोल आणि शून्य.

फोनवरून कुणाला समजावत असाल, तर आधी विचारा की ब्राउझर कोणता आहे आणि स्क्रीनवर फक्त पान बारीक आहे की सगळंच. फक्त पान असेल तर दुसरी पायरी सांगा, सगळंच असेल तर सहावी.

सायबर कॅफेत, ग्रंथालयात किंवा ई-सेवा केंद्रावर बसला असाल तर सेटिंग्जला हात लावू नका. खासगी विंडो उघडा, तिथे हवा तेवढा झूम करा, काम झाल्यावर विंडो बंद करा. क्रोममध्ये तुमचा झूम तिच्याबरोबरच जातो. साध्या विंडोत काम केलं असेल, तर उठण्यापूर्वी प्रत्येक उघड्या साइटवर कंट्रोल आणि शून्य दाबा.